जर्मनीत इंटर्नशिप: आधी पत्ता, मग बॅग

वाचकाचे पत्र (थोडक्यात): ठाण्यात पाचपाखाडीला राहणारी २१ वर्षांची विद्यार्थिनी. नवी मुंबईतल्या कॉलेजात मेकॅनिकलचे तिसरे वर्ष नुकतेच संपले आहे. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेन गावातल्या एका कंपनीत तिला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, महिना १,१०० युरो. कॉलेजची तोंडी परवानगी आहे. बाबांचे आतेभाऊ कार्ल्सरूहला राहतात आणि आई-बाबांची अट एकच: काकांकडे राहणार असशील तर जा. तिला मात्र कामाच्या जवळ स्वतंत्र खोली हवी आहे, पण काका दुखावतील आणि घरचे जाऊच देणार नाहीत अशी भीती वाटते. ५ लाखांचे कर्ज काढावे का, हाही प्रश्न आहे. घरात सध्या सामानाची यादी वाढत चालली आहे, आईने दोन मोठ्या बॅगा आणल्यासुद्धा. तिच्या पत्राचा शेवट असा: "तयारी जोरात चालली आहे, पण नक्की कशाची ते कळत नाही. शिवाय मला स्वयंपाक येत नाही."

उत्तर:

तुझ्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. तुमच्या घरात जी चालली आहे ती सामानाची तयारी. तिला निघण्याआधीचा एक आठवडा पुरतो. आत्ता, मे संपताना, हाताशी असलेले चार महिने दोनच गोष्टींसाठी वापरायचे आहेत: कागद आणि पत्ता. जर्मनीत पत्ता म्हणजे नुसते झोपायचे ठिकाण नाही. त्या पत्त्यावर तुझी नोंदणी होणार, नोंदणीवरून कर क्रमांक येणार, तो कंपनीला दिला की पगार नीट निघणार, बँकेची आणि सरकारी पत्रे तिथेच येणार. म्हणून काकांचे घर की स्वतःची खोली हा प्रश्न मानापमानाचा किंवा स्वातंत्र्याचा समजू नकोस. आधी तो याच अंगाने तपासून पाहा.

तिथला नियम असा आहे. सहा महिन्यांसाठी राहायला गेलेल्या माणसाने घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या गावच्या नागरिक कार्यालयात नोंदणी करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट लागतो आणि जागा देणाऱ्याने सही केलेले एक पत्र लागते, ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते असे सांगणारे. नुसता भाडेकरार त्या पत्राच्या जागी चालत नाही. नोंदणीनंतर काही आठवड्यांत कर क्रमांक पोस्टाने येतो. इथे बरेच जण अडकतात, कारण तिथला पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, पत्रपेटीवरचे नाव बघतो. पेटीवर तुझे आडनाव नसेल तर पत्र परत जाते, मग क्रमांक वेळेत मिळत नाही आणि पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. खोलीत शिरल्याच्या दिवशी पहिले काम कोणते, तर पेटीवर आणि बेलवर नाव लावणे. साधी चिठ्ठी चिकटवली तरी चालते.

आता काकांच्या घराकडे वळू. आई-बाबांनी दोन गोष्टी धरून चालल्या आहेत, की तिथे तू सुरक्षित असशील आणि पैसे वाचतील. पहिलीत तथ्य आहे, पण अंतराचे काय? कार्ल्सरूह ते बोब्लिंगेन म्हणजे आधी स्टुटगार्टपर्यंत प्रादेशिक गाडी, मग एस-बान, म्हणजे तिथली लोकल. घरापासून कामापर्यंत एका बाजूला दीड तासाच्या वर सहज जातात. ठाण्याच्या माणसाला दीड तासाचे काय, असे बाबा म्हणतील. पण ठाण्याला एक लोकल चुकली तर मागून दुसरी येते. तिथे प्रादेशिक गाडीला उशीर झाला आणि पुढची जोडगाडी सुटली की अर्धा-पाऊण तास फलाटावर, तोही जानेवारीच्या थंडीत. डिसेंबरात तिथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, म्हणजे तू अंधारात निघणार आणि अंधारातच परतणार. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलीला रोज तीन तास एकटीने अंधारात प्रवास करायला लावतो आहोत, हे आई-बाबांच्या लक्षात आले नसावे. शांतपणे सांगितलेस तर त्यांना नक्की पटेल.

काकांनाही एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो अजून कुणी विचारलेला दिसत नाही: त्यांचे घर स्वतःचे आहे की भाड्याचे? भाड्याचे असेल तर पाहुणा म्हणून काही आठवडे राहणे ठीक, पण सहा महिने नोंदणी करून राहायचे तर त्यांना घरमालकाची परवानगी घ्यावी लागते. माणसे वाढली की पाणी, कचरा, हीटिंगचा खर्चही वाढतो. हो म्हणताना काकांनी याचा विचार केला असेलच असे नाही, आणि नात्यामुळे त्यांना नाही म्हणता येत नसेल. तू स्वतंत्र खोली घेतलीस तर ते दुखावतीलच असे कशावरून? सुटकेचा निःश्वासही टाकतील.

काकांची खरी मदत पलंगाची नाही, त्यांच्या डोळ्यांची आणि त्यांच्या जर्मनची आहे. परदेशातून खोली शोधणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण ही की ती प्रत्यक्ष पाहता येत नाही. फसवणारे नेमके याच अडचणीवर जगतात. तुझ्याकडे दीड तासावर घरचा माणूस आहे. एखाद्या शनिवारी जाऊन दोन-तीन खोल्या पाहून याल का, असे त्यांना विचार. करार एकदा वाचून द्याल का, अडीअडचणीला तुमचा नंबर देऊ का, तेही विचार. व्हिसाच्या अर्जात जर्मनीतला पत्ता विचारतात. तोवर खोली ठरली नसेल तर काकांचा पत्ता त्यांच्या लेखी पत्रासह देता येईल. पहिले दोन-तीन दिवस त्यांच्याकडे उतर, सणाला जा, महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जा. आई-बाबांसमोर "मी एकटी राहणार" असे न मांडता "काका बघून देतील त्या खोलीत राहीन" असे मांड. यात लपवाछपवी काहीच नाही, व्यवस्था खरोखर तशीच असणार आहे.

खोली कुठे शोधायची? जाहिरातींसाठी व्हेगे-गेझूख्ट (WG-Gesucht) हे संकेतस्थळ तिथले विद्यार्थी सर्रास वापरतात. बोब्लिंगेन, झिंडेलफिंगेन, हेरेनबर्ग आणि स्टुटगार्टमध्ये एस-बानच्या एस-वन मार्गाला लागून असलेले भाग बघ. तुझ्या उपयोगाचा प्रकार म्हणजे स्विशेनमीटे. एखादा विद्यार्थी सत्रापुरता बाहेर जातो आणि आपली सामानासकट खोली तेवढ्या महिन्यांपुरती देतो. सहा महिन्यांसाठी रिकामी खोली घेऊन पलंग-कपाट विकत घेत बसण्यात अर्थ नाही. मात्र ऑक्टोबर हा तिथे विद्यापीठाचे हिवाळी सत्र सुरू होण्याचा महिना असल्याने सप्टेंबरात खोल्यांवर झुंबड उडते. शोध जुलैच्या मध्यापासून सुरू कर आणि ऑगस्टअखेर संपवायचा असे ठरव.

जाहिरातीला "इज इट अव्हेलेबल" एवढाच निरोप पाठवलास तर उत्तर येणार नाही. आठ-दहा ओळी जर्मनमध्ये लिही, काकांकडून तपासून घे: नाव, वय, काय शिकतेस, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कुठे काम, सिगारेट ओढत नाहीस, घरात कशी राहतेस. त्या घरातल्या बाकीच्या खोल्यांत राहणारी माणसे बहुधा व्हिडिओवर गप्पा मारून निवड करतात. बरेच निरोप पाठवून मोजकीच उत्तरे आली तरी खचू नकोस, तिथे सगळ्यांचे असेच होते. फक्त मुलींच्या घरांसाठी वेगळी निवड करता येते. आईला तेवढ्याने धीर येत असेल तर तिथूनच सुरुवात कर.

प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? नाही म्हणाले तर भाडे कितीही कमी असो, पुढची जागा बघ. खोली देणारा स्वतःच भाडेकरू असेल तर मूळ मालकाची पोटभाड्याची लेखी परवानगी दाखवायला सांग. भाडे थंड आहे की गरम तेही विचार. थंड म्हणजे नुसत्या जागेचे, गरम म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट गरम भाड्यात धरले आहे की वेगळे, हे वेगळे विचारावे लागते. अनामत रक्कम थंड भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क आहे.

फसवणुकीची लक्षणे ठरलेली असतात. मालक सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, भाडे आजूबाजूपेक्षा फारच कमी, आणि खोली तुझ्या नावावर ठेवायला आजच पैसे पाठव. किंवा आधी पासपोर्टची प्रत मागतात. करारावर सही होण्याआधी एक युरोही पाठवायचा नाही. काकांना जाणे जमले नाही तर थेट व्हिडिओ कॉलवर रस्त्यापासून दारापर्यंत चालत यायला सांग. बेलच्या पाटीवरचे नाव आणि करारातले नाव जुळले पाहिजे. आधीच तयार केलेला व्हिडिओ पाठवतो म्हणाले तर तिथेच थांब.

हे झाले पत्त्याचे. कागदांकडे त्याच्याही आधी वळायला हवे, कारण तुझ्या पत्रातल्या एका आकड्याने मला काळजीत टाकले आहे. १,१०० युरो.

जर्मनीत २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. पूर्णवेळ कामाचे महिन्याला तुझ्या १,१०० च्या दुपटीहून जास्तच होतात. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग असेल तर हा नियम लागू होत नाही, म्हणून कंपनी १,१०० देऊ शकते. ऐच्छिक असेल आणि तीन महिन्यांहून जास्त असेल, तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावे लागते. म्हणजे तुझा सगळा डोलारा कॉलेजच्या पत्रातल्या एका वाक्यावर उभा आहे. तोंडी परवानगी पुरणार नाही. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजीत स्पष्ट लिहून घे: ही इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे, तिचा कालावधी इतका, श्रेयांक इतके. अभ्यासक्रमात सक्ती फक्त आठ आठवड्यांची असेल आणि तू सहा महिने जात असशील, तर ते कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला आत्ताच कळव. मार्ग काढायचा तर तो आता निघेल, सप्टेंबरात नाही. सातव्या सत्राची हजेरी आणि परीक्षा यांचे काय, तेही त्याच पत्रात येऊ दे.

यानंतर तिथल्या रोजगार यंत्रणेची संमती. परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला चार सत्रे पूर्ण झाल्यावर आपल्या विषयाशी संबंधित इंटर्नशिपसाठी जास्तीत जास्त एक वर्ष जाता येते, पण त्यासाठी ही संमती लागते. अर्ज कंपनी करते. तू कॉलेजात शिकत असल्याचे पत्र आणि सह्या वेळेवर द्यायच्या. कामाचा आराखडा कंपनी देते. या आठवड्यात कंपनीला एक साधी ईमेल पाठव: संमतीसाठी अर्ज केला का, माझ्याकडून काय हवे? मोठ्या कंपन्यांना सवय असते. लहान कंपनीला कधी कधी हे माहीतच नसते.

संमती आणि करार हातात आले की मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी प्रकारचा. फी ७५ युरो, रुपयांत भरायची. अपॉइंटमेंटला वेळ लागतो, म्हणून कागद जमण्याची वाट न पाहता तारीख कशी मिळते ते आजच बघून ठेव. पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर जाऊन काम सुरू करू, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. तो बेकायदा आहे आणि पुढचे सगळे व्हिसे धोक्यात आणतो. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नकोस. व्हिसा मिळाला की तिथेच उभी राहून त्यावरचे नाव, पासपोर्ट क्रमांक आणि दोन्ही तारखा वाच. शेवटची तारीख ३१ मार्चच्या आधीची असेल तर मुदतवाढीसाठी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात पहिल्या महिन्यातच जावे लागेल.

नावाबद्दल एक गोष्ट, कारण ती आपल्या मराठी घरांत हमखास होते. पासपोर्टवर तुझ्या नावापुढे बाबांचे नाव आहे का ते पाहा. असेल तर करार, विमा, तिकीट आणि भाडेकरार सगळीकडे ते तसेच्या तसे लाव. एका कागदावर मधले नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून बँकेत खाते अडकते.

आता पैसे. ५ लाखांचे कर्ज मला नको वाटते. हिशेब मांडून बघ. समजा गरम भाडे ५२० युरो, घरी शिजवून खाणे २२०, प्रवासाचा पास ६३, फोन १०, विमा ४०, किरकोळ १२०. बेरीज ९७३. म्हणजे खोली ५५० च्या आत मिळाली तर १,१०० मध्ये महिना निभतो. फार शिल्लक राहणार नाही, पण कर्जाची गरज पडणार नाही. अडचण दरमहाच्या खर्चाची नाही, पहिल्या दोन महिन्यांची आहे. तिथे पगार महिनाअखेर होतो. बँक खाते आणि कर क्रमांक वेळेत पोचला नाही तर ऑक्टोबरचा पगार नोव्हेंबरच्या पगारासोबत येतो. तोवर अनामत, समजा ८००, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे भाडे, दोन महिन्यांचे खाणेपिणे. ३,००० युरो हाताशी असले की निर्धास्त. युरो शंभर रुपयांच्या थोडा वर धरला तर सव्वातीन लाखांच्या आसपास, त्यातली अनामत परत येणारी. तिकीट आणि व्हिसा वेगळे. बाबांकडून एवढी रक्कम उसनी घे, किती परत येणार आणि कधी ते लिहून दे. बँकेच्या व्याजापेक्षा हे बरे, आणि बाबांनाही कळेल की तू हिशेब करून चालली आहेस.

यातले ३००-४०० युरो रोख ने, कारण तिथे काही बेकऱ्या आणि लहान दुकाने अजून कार्ड घेत नाहीत. बाकी फॉरेक्स कार्डवर. इथल्या बँकेच्या कार्डाचा परदेशी वापर ॲपमधून चालू करून ठेव. आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट: तुझा भारतीय सिम बंद पडू देऊ नकोस. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी रोमिंग चालू कर, मुदत टिकवणारा स्वस्त रिचार्ज बाबांना दर वेळी करायला सांग. तिथला प्रीपेड सिम पासपोर्ट दाखवून, ओळख पटवूनच चालू होतो. व्हिडिओवरच्या पडताळणीत अडचण येत असेल तर सरळ दुकानात जा.

६३ युरोचा तो पास म्हणजे डॉइचलांडटिकेट, २०२६ मधली किंमत. देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना तो चालतो, म्हणजे काकांकडे जाणेही त्यातच. वेगवान आयसीई-आयसीला चालत नाही. तो दरमहा आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावा लागतो. मार्चमध्ये परतताना हे लक्षात ठेव, नाहीतर एप्रिलचेही पैसे जातील.

विमा प्रवेशाच्या दिवसापासूनचा घे, ३०,००० युरोच्या वर संरक्षण असलेला. पगारी इंटर्नला तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात जावे लागते का, ते कंपनीला विचार. जावे लागत असेल तर दोन्हीचे पैसे भरत बसू नकोस. प्रवासी विम्यात दातांचा खर्च आणि जुने आजार बहुधा नसतात. म्हणून ऑगस्टमध्येच ठाण्यात दात तपासून घे, चष्मा असेल तर जोडीचा दुसरा कर. नेहमीचे औषध असेल तर तीन महिन्यांपुरतेच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव. तिथे पॅरासिटामॉलसुद्धा औषधाच्या दुकानातच मिळते आणि रविवारी पाळीवरचेच दुकान उघडे असते. तातडीला ११२. रात्री-सुट्टीत ताप आला, रुग्णवाहिकेइतके गंभीर नाही, तर ११६११७.

जर्मन किती यावे? कामाची भाषा इंग्रजी असली तरी नागरिक कार्यालय, घरमालक आणि दारावरची नोटीस जर्मनच बोलतात. चार महिन्यांत ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिली पातळी आटोक्यात आहे. मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग किंवा ऑनलाइन, जे पाळता येईल ते. व्याकरणापेक्षा आधी आकडे, तारखा, आडनावाचे स्पेलिंग सांगणे, अपॉइंटमेंट घेणे.

घरात राहण्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण अनामत इथेच कापली जाते. ठाण्यात आपण खिडक्या उघड्या टाकून राहतो, त्यामुळे घरात साठणाऱ्या ओलीची जाणीव नसते. तिथे थंडीत खिडक्या घट्ट बंद, आत हीटर. आंघोळ, भात, खोलीत वाळत टाकलेले कपडे, सगळी वाफ आतच राहते. ती थंड भिंतीला लागून पाणी होते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. उपाय सोपा: दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटे, मग लावून घ्यायची. दिवसभर फट ठेवण्याने काम होत नाही, भिंत गार पडते आणि हीटिंगचे बिल वाढते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नकोस. खोलीत शिरल्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, खिडकीचे, फरशीचे फोटो काढून मालकाला ईमेल कर.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता. रविवारी दुकाने बंद असतात, किराणा शनिवारीच भरायचा. तो भाग श्वाबियन लोकांचा आहे आणि तिथे केरवोखे पाळतात: जिना, अंगण झाडण्याची आठवड्याची पाळी. दाराला पाटी लटकलेली दिसली की ती तुमची पाळी. टाळलीस तर शेजारी बोलून दाखवतील, केलीस तर शेजारी लगेच ओळखीचे होतील. नोंदणीनंतर प्रसारण शुल्काचे, म्हणजे तिथल्या सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीच्या वर्गणीचे पत्र येईल, महिना १८.३६ युरो. ते फसवणुकीचे नाही, फेकून देऊ नकोस. शुल्क घरटी एक असते. सोबतच्या कुणी भरले असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा.

स्वयंपाक येत नाही म्हणून घाबरलीस ना? पाच पदार्थ पुरतात: वरण-भात, मुगाची खिचडी, पिठले, पोहे, एक रस्साभाजी. ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोन दिवस रात्रीचे जेवण तू एकटीने कर, आईने स्वयंपाकघरात यायचे नाही. खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. फोडणी मंद आचेवर, वरचा पंखा चालू, खिडकी उघडी, खोलीचे दार बंद. धूर झाला की धुराचा अलार्म वाजतो. कुकर दोन-तीन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनला चालणारा घे. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शन शेगडीवर तापतच नाही.

आणि आता आईची यादी. डाळ, तांदूळ, कणीक, हळद-तिखट तिथल्या भारतीय दुकानांत मिळते, कोथिंबीर-भेंडी तुर्की दुकानांत. तिथे सहज न मिळणारे ने: गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचे पीठ, कोकम, प्रत्येकी पाव किलोच्या आत. बाकरवडी, चकली, कडबोळी चालतील. तूप, खवा, पेढे, श्रीखंड अजिबात नाही: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे, पकडले तर जप्त होतात आणि दंडही होऊ शकतो. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही ठेवू नका, त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका, तेलामुळे पेट घेणारा माल म्हणून त्या विमानात अडवल्या जातात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. आपले तीन पिनांचे प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत, दोन ॲडॅप्टर घे. व्होल्टेज सारखेच आहे.

कपड्यांत एकच जाड कोट आणि आतून थरावर थर. थर्मलचे दोन जोड इथून, पावसाला दाद न देणारे बूट आणि कोट तिथे जाऊन घेतलास तर बरे. एक बॅग आणि एक पाठीवरची सॅक एवढेच ने. स्टुटगार्ट चढउतारांचे गाव आहे, आणि दुसरी मोठी बॅग जिन्याने वर चढवायला कुणी हमाल मिळणार नाही.

३ ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, म्हणून २५ सप्टेंबरच्या सुमारास पोच. निघण्याआधी बोब्लिंगेन, किंवा ज्या गावात खोली मिळेल तिथल्या, कार्यालयाची नोंदणीची वेळ ऑनलाइन घेऊन ठेव. आई-बाबांसाठी एक कागद भिंतीवर लाव: खोलीचा पत्ता, घरमालकाचा नंबर, कंपनीतल्या माणसाचा नंबर, काकांचा नंबर, विमा क्रमांक. फोनची वेळही त्यावर लिही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे मागे जातात आणि साडेतीन तासांचे अंतर साडेचार होते, म्हणजे तू संध्याकाळी सातला घरी आलीस तर ठाण्यात साडेअकरा. आईला रात्री जागवण्यापेक्षा तुझी दुपारची जेवणाची सुट्टी बरी.

नोव्हेंबर जड जातो, हे आधीच सांगून ठेवते. अंधार लवकर, कामाची नवलाई ओसरलेली, इथे दिवाळीचे फोटो. त्याच्या आधीच, ऑक्टोबरात, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ बाहेरच्या माणसांसाठी राखून ठेव: जर्मनचा वर्ग, खेळाचा क्लब, मराठी मंडळ, काहीही. सोबतच्या मुलींना एकदा पिठले-भात करून घाल.

मार्चमध्ये निघताना चार कामे. कंपनीकडून इंटर्नशिपचे तपशीलवार प्रमाणपत्र माग, काय काम केले आणि कसे केले ते लिहिलेले. नुसते तारखांचे पत्र घेऊन येऊ नकोस. कर प्रमाणपत्रही घे. पगारातून कर कापला असेल तर चार वर्षांच्या आत विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. जायच्या आठवडाभर आधीपासून नोंदणी रद्द करता येते, ती कर. आणि बँकेचे खाते घाईने बंद करू नकोस. अनामत परत यायला काही महिने लागू शकतात, ती त्याच खात्यात येणार आहे.